अमेरिकेतली ‘स्पेशल एज्युकेशन’ सेवा : कायदा भक्कम, वाटप हात आखडून

अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, जाणाऱ्या मुलाला ऑटिझम, डिस्लेक्सिया, एडीएचडी, ऐकण्या-बोलण्यातली किंवा हालचालीची अडचण असेल, तर शाळेकडून मिळणारी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आयईपी. इंडिव्हिज्युअलाइज्ड एज्युकेशन प्रोग्रॅम, म्हणजे त्या एका मुलासाठी लिहिलेला शिक्षणाचा आराखडा. स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), वर्गात मदतीला पॅरा (सहायक), वेगळी बस, विशेष शिक्षक, सगळं त्यात येऊ शकतं आणि पालकांना त्यासाठी एक डॉलरही मोजावा लागत नाही. २०२२-२३ मध्ये ३ ते २१ वयाची सुमारे ७५ लाख मुलं ही सेवा घेत होती. पब्लिक स्कूलमधल्या दर शंभरात साधारण १५.

पाचपैकी गुण द्यायचे तर कायद्याला साडेचार, अंमलबजावणीला अडीच आणि तक्रार निवारणाला दोन. ही सेवा आपोआप दारात येत नाही. ती लेखी मागावी लागते. नकार आला तर तो कुठल्या घराण्यातला आहे हे ओळखावं लागतं, कारण नकारांना तिथे शंभर-सव्वाशे वर्षांची परंपरा आहे आणि कायद्यातली बरीच कलमं त्यांतल्याच एखाद्या नकाराला उत्तर म्हणून लिहिली गेली आहेत. शाळेच्या मीटिंगमध्ये आज ऐकू येणारी वाक्यं कोर्टाच्या जुन्या कागदांत जवळजवळ तशीच सापडतात.

नकारांचं जुनं दप्तर

सक्तीचं शिक्षण मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये आणलं आणि १९१८ पर्यंत ते सगळ्या राज्यांत पोचलं. पण सक्ती मुलांवर होती, शाळांवर नव्हती. केंब्रिज शहराच्या शाळा समितीने एका मुलाला ‘बुद्धीने दुबळा’ म्हणून काढून टाकलं, तेव्हा १८९३ मध्ये त्याच मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने समितीचा शब्द अखेरचा मानला. १९१९ चा विस्कॉन्सिनमधला निकाल तर वाचवत नाही. अँटिगो गावातला तो मुलगा अभ्यासात वर्गाच्या बरोबर होता. जन्मजात पक्षाघातामुळे त्याचं बोलणं अस्पष्ट होतं आणि लाळ गळत असे. त्याला पाहून शिक्षकांना आणि मुलांना उदास वाटतं, किळस येते, असं शाळेचं म्हणणं होतं, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. १९५८ मध्ये, म्हणजे वंशभेदाविरुद्धच्या ब्राउन निकालाला चार वर्षं होऊन गेल्यावर, इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यामुळे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिकवणं राज्यावर बंधनकारक होत नाही.

शिकण्याची कुवत नाही, इतरांना त्रास होतो, आमची जबाबदारी नाही. चौथं कारण १९७२ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या शाळांनी कोर्टात दिलं : पैसे नाहीत.

पहिल्या कारणाचा पाया त्याआधीच पेन्सिल्व्हेनियात निखळला होता. ‘मानसिक वय पाच वर्षं’ झालेलं नसेल तर मुलाला प्रवेश नाकारायची मुभा तिथला कायदा शाळांना देत होता. १९७१ मध्ये पार्क या पालक संघटनेने दावा लावला. अशा प्रत्येक मुलाला शिक्षणाचा काही ना काही फायदा होतोच, अशी तज्ज्ञांची साक्ष झाली आणि राज्याने तडजोडीचा हुकूमनामा मान्य केला. डीसीच्या मिल्स खटल्यात शहरात अंदाजे २२,००० अपंग मुलं असून त्यांतल्या १८,००० पर्यंत मुलांना काहीच मिळत नाही, हे शाळांच्याच कागदांतून पुढे आलं. न्यायाधीश जोसेफ वॉडी यांचं उत्तर असं की पैसे कमी असतील तर तुटवडा सर्वांनी वाटून घ्यावा. त्याचा जास्त भार अपंग मुलांवर टाकता येणार नाही. शिवाय मुलाला काढण्याआधी नोटीस आणि सुनावणी हवी, असंही त्यांनी ठरवून दिलं. आज आयईपीच्या कागदांसोबत पालकांच्या हक्कांची जी जाडजूड पुस्तिका मिळते आणि न वाचता फायलीत जाते, तिची मुळं या निकालात आहेत.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९७५ मध्ये कायदा केला तेव्हा त्यातच नोंदवलं : देशात ८० लाखांहून जास्त अपंग मुलं, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना योग्य सेवा नाही आणि १० लाख मुलं शाळेबाहेरच. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केली आणि सोबतच्या निवेदनात, केंद्राला देता येईल त्यापेक्षा जास्त वचन यात दिलंय, अशी कुरकुरही केली. ती खरी ठरली. एका विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्र देईल असं ठरलं होतं. बहुतेक वर्षी ती २० टक्क्यांच्या आतच राहिली. उरलेलं राज्य आणि डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) भरतात. मीटिंगमध्ये समोरची माणसं कितीही गोड बोलली तरी त्यांची नजर सेवेच्या मिनिटांच्या हिशेबावर का असते, ते या एका आकड्यात आहे. १९९० पासून हा कायदा आयडीईए (इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन ॲक्ट) या नावाने ओळखला जातो.

त्याच्या जोडीला १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आहे : केंद्राचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेने अपंगांशी भेदभाव करायचा नाही. त्याचे नियम चार वर्षं लटकले. एप्रिल १९७७ मध्ये अपंग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडलं, तेव्हा २८ एप्रिलला मंत्री कॅलिफानो यांची सही झाली. त्या आंदोलनाच्या एक नेत्या जूडी ह्यूमन. पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेल्या या मुलीला लहानपणी ब्रुकलिनच्या शाळेने ‘आगीच्या वेळी धोका’ म्हणून दारातून परत पाठवलं होतं, आणि १९७० मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने शिक्षिकेचा परवानाही नाकारला. त्या कोर्टात गेल्या आणि शिक्षिका झाल्याच.

सेवा सुरू कशी होते, आणि कुठे अडते

वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितलं, तिने मान डोलावली, इथेच निम्मी वर्षं वाया जातात. मागणी ईमेलने मुख्याध्यापक आणि डिस्ट्रिक्टचे स्पेशल एज्युकेशन डायरेक्टर दोघांनाही करा. मजकूर चार ओळींचा पुरतो : मुलाचं नाव, इयत्ता, काय अडचण दिसते, आणि ‘आयडीईएखाली संशयित अपंगत्वाच्या सर्व बाबतींत इव्हॅल्युएशन (तपासणी) करावं’. ‘सर्व बाबतींत’ हे शब्द वगळू नका. ते नसतील तर फक्त वाचनाची चाचणी होते आणि बोलणं, हाताची हालचाल, वर्तन यांना कोणी हात लावत नाही.

केंद्राच्या नियमाप्रमाणे इव्हॅल्युएशन ६० दिवसांत व्हायला हवं. राज्याने वेगळी मुदत ठरवली असेल तर ती लागू होते; टेक्ससमध्ये ती शाळेच्या ४५ दिवसांची आहे. मेख अशी की मोजणी मागणीच्या तारखेपासून सुरू होत नाही. पालकांनी संमतिपत्रावर सही केल्यापासून होते, म्हणून संमतिपत्रच पाठवायला उशीर लावला जातो. कॅलिफोर्नियात चाचण्यांचा आराखडा १५ दिवसांत देणं बंधनकारक आहे. इतरत्र आपल्या राज्याचा नियम शोधून पुढच्या ईमेलमध्ये त्याचा उल्लेख करा. मूल पात्र ठरलं की ३० दिवसांत आयईपीची मीटिंग, त्यानंतर वर्षातून किमान एकदा आढावा आणि साधारण दर तीन वर्षांनी फेरतपासणी.

शाळेचा अहवाल पटला नाही तर सरकारी खर्चाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी मागता येते. या मागणीवर डिस्ट्रिक्टपुढे दोनच वाटा असतात : पैसे द्यायचे, किंवा आपलंच इव्हॅल्युएशन बरोबर आहे हे सिद्ध करायला स्वतः सुनावणीला जायचं. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ ही तिसरी वाट कायद्यात नाही. या सेवेतली ही सर्वांत ताकदीची आणि सर्वांत कमी वापरली जाणारी सोय.

भारतातून नुकत्याच आलेल्या कुटुंबांना दोन गोष्टी अडतात. इथल्या एका राज्यातून दुसऱ्यात गेलं तर नव्या डिस्ट्रिक्टला निर्णय होईपर्यंत तोडीस तोड सेवा द्यावी लागते. परदेशातल्या शाळेच्या कागदांना ते बळ नाही. पुण्यातले किंवा नाशिकमधले थेरपीचे अहवाल जरूर द्या, इव्हॅल्युएशनमध्ये ते विचारात घ्यावे लागतात, पण सुरुवात पहिल्यापासूनच होते. दुसरी गोष्ट भाषेची. ‘इंग्रजी नवीन आहे, वर्षभर थांबू’ हे उत्तर हमखास मिळतं. इंग्रजी कमी येणं हे अपंगत्वाचं कारण धरता येत नाही हे खरं, पण म्हणून तपासणी टाळताही येत नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीत चाचण्या देऊन ‘मंदबुद्धी’ वर्गात टाकल्याबद्दल कॅलिफोर्नियात १९७० मध्ये डायना खटला झाला. अगदीच अशक्य नसेल तर मुलाच्या भाषेत चाचणी, हा नियम त्याच वाटेने आला. मराठी जाणणारे शाळा-मानसशास्त्रज्ञ दुर्मीळ असतात. तेव्हा दुभाषा आणि भाषेवर न बेतलेल्या चाचण्या मागा, आणि अहवालात ही मर्यादा स्पष्ट नोंदवून घ्या. मीटिंगमध्ये पालकांसाठी दुभाषा देणं हेही शाळेचंच काम. आणि ‘घरात मराठी बंद करा’ असा सल्ला अजूनही कोणी दिला तर तो मुळीच मनावर घेऊ नका. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही.

कागदात काय पाहायचं

आयईपी वीस-पंचवीस पानांचा असतो, पण जीव तीन ठिकाणी. पहिलं, मूल आज कुठे आहे याचा आकडा. दुसरं, वर्षाचं उद्दिष्ट. ‘वाचनात प्रगती करेल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘मिनिटाला ४५ शब्दांवरून ८० शब्द, दोनपेक्षा जास्त चुका न करता, सलग तीन चाचण्यांत’ हे उद्दिष्ट, कारण ते गाठलं की नाही यावर वाद घालता येत नाही. तिसरं, सेवांचा तक्ता : किती वेळा, किती मिनिटं, कुठे, कधीपासून. ‘गरजेनुसार’ हा शब्द दिसला की खोडायला सांगा, त्यावर कसलीच अंमलबजावणी करून घेता येत नाही. ‘महिन्याला १२० मिनिटं’ असं मोघम लिहिलं तर तिन्ही आठवडे काही न देता शेवटच्या आठवड्यात कोंबायची सोय राहते. ‘आठवड्यातून २ वेळा, ३० मिनिटं, एकट्याला’ असं हवं. ‘एकट्याला’ हा शब्द राहून गेला तर चार-पाच जणांचा गट समजा. थेरपिस्ट रजेवर गेल्याने सत्रं बुडाली तर भरपाईची मागा, आणि त्यासाठी सत्रांची नोंदवही मागवा. नोंदी पाहायचा हक्क पालकांना आहे. पुढच्या मीटिंगआधी, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत.

मीटिंगमध्ये हजेरीच्या कागदावरच सही करा, आराखडा घरी नेऊन वाचा. टीमने मसुदा आधी लिहून आणणं चालतं. निर्णय आधी घेऊन येणं चालत नाही. खोलीत डिस्ट्रिक्टतर्फे असा माणूस असलाच पाहिजे ज्याला उपलब्ध सोयींची माहिती आहे. ‘मला वर विचारावं लागेल’ असं तोच म्हणाला तर चुकीचा माणूस पाठवलाय.

आजचे नकार

‘स्टाफ नाही, बजेट नाही.’ हे मिल्स खटल्याचं वाक्य, फक्त सौम्य आवाजात. याला तोंडी उत्तर देत बसू नका. प्रायर रिटन नोटिस, म्हणजे निर्णयाची लेखी सूचना, मागा. मागणी नाकारताना शाळेला लिहून द्यावं लागतं की काय नाकारलं, का, कुठल्या माहितीच्या आधारे, आणि दुसरे कोणते पर्याय तपासले. ‘पैसे नाहीत’ असं कोणी कागदावर लिहीत नाही. पुष्कळ नकार या एका मागणीनेच मऊ पडतात.

‘पास होतोय की!’ हुशार पण अडखळणाऱ्या मुलांचं, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच घरांतलं, हे दुखणं. नियम सरळ आहे : मूल नापास झालेलं नसलं, वरच्या वर्गात जात असलं, तरी पात्र ठरू शकतं. या विचारसरणीला एकेकाळी सुप्रीम कोर्टाचाच टेकू मिळाला होता. १९८२ च्या रोली निकालात एका बहिऱ्या मुलीला सांकेतिक भाषेचा दुभाषा नाकारला गेला, कारण ती पास होत होती आणि कायदा मुलाच्या पूर्ण क्षमतेची हमी देत नाही, असं कोर्ट म्हणालं. पुढची ३५ वर्षं काही कोर्टांनी त्याचा अर्थ ‘नाममात्र प्रगती पुरे’ असा लावला. मार्च २०१७ मध्ये एंड्रू एफ. खटल्यात आठही न्यायमूर्तींनी एकमताने ती पट्टी वर नेली : मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती साधेल असा आराखडा हवा. गेल्या वर्षीचीच उद्दिष्टं तारीख बदलून पुन्हा छापली असतील तर या निकालाचं नाव मीटिंगमध्ये घ्या.

‘थांबून बघू.’ आधी गटात थोडी जादा शिकवणी, मग निरीक्षण, मग अजून एक फेरी. शिकवणी जरूर घ्या, पण तिच्या नावाखाली इव्हॅल्युएशन लांबवता येत नाही, असं केंद्रीय शिक्षण खात्याने जानेवारी २०११ मध्ये राज्यांना लेखी कळवलेलं आहे. टाळाटाळ एखाद्या शाळेपुरतीच असते असंही नाही. टेक्ससच्या शिक्षण खात्याने २००४ पासून देखरेखीसाठी ८.५ टक्क्यांचा आकडा ठेवला होता. त्याहून जास्त मुलं स्पेशल एज्युकेशनमध्ये असली की डिस्ट्रिक्टचे गुण कमी. देशात हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास असताना टेक्सस बरोब्बर साडेआठवर येऊन टेकलं. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकलने हे उघडकीला आणलं, पुढच्या वर्षी तिथल्या विधिमंडळाने अशा मर्यादेवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये केंद्राने राज्याला कायदाभंगाचा ठपका दिला. उलटा अन्यायही झाला आहे : कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलं एकूण विद्यार्थ्यांत सुमारे १० टक्के, पण ‘शिकवण्याजोगे मतिमंद’ म्हणवल्या जाणाऱ्या वर्गांत जवळजवळ चौथा हिस्सा. १९७९ च्या लॅरी पी. निकालाने त्यासाठी वापरलेल्या बुद्ध्यांक चाचण्यांना मनाई केली.

‘आज लवकर घेऊन जा.’ अँटिगोच्या शाळेची ही आजची आवृत्ती. वर्तनामुळे मुलाला सलग १० दिवसांहून जास्त बाहेर ठेवायचं असेल, तर शाळेच्या १० दिवसांच्या आत बैठक घेऊन ते वर्तन अपंगत्वातून आलं का, किंवा आयईपी नीट न राबवल्यामुळे झालं का, हे ठरवावं लागतं. दोन्हींतलं एक जरी ‘हो’ आलं तरी मूल वर्गात परततं. शस्त्र, अमली पदार्थ आणि गंभीर इजा यांना वेगळा नियम आहे, ४५ शाळा-दिवसांपर्यंत दुसरीकडे बसवता येतं. या मोजणीतून सुटण्यासाठीच फोन येतो, कागद येत नाही. अशा प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी ‘आपल्या सांगण्यावरून ११ वाजता नेलं’ असा ईमेल टाका. नोंद न करता घरी पाठवणंही निलंबनात धरलं जाऊ शकतं, हे केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे.

तक्रार केली तर

इथे सेवा खरी घसरते. राज्याकडे तक्रार फुकट, वकील लागत नाही, घटना वर्षभरातली हवी, निर्णय ६० दिवसांत. बुडालेली सत्रं, हुकलेल्या मुदती यांसाठी हाच मार्ग बरा. ड्यू प्रोसेस म्हणजे छोटं कोर्टच : दोन वर्षांची मुदत, १५ दिवसांत तडजोडीची बैठक, एकूण ३० दिवस समेटासाठी, मग ४५ दिवसांत निकाल, आणि हे ४५ दिवस सहसा लांबतात. २००५ च्या शॅफर निकालापासून दावा करणाऱ्यावरच सिद्ध करायचा भार आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने राज्याचा कायदा करून तो डिस्ट्रिक्टवर टाकला. जिंकलात तर वकिलाची फी मिळू शकते, तज्ज्ञाची नाही. म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याचाच हक्क धारदार. या सेवेचा हा सर्वांत मोठा दोष. एक आधार मात्र पक्का : वाद चालू असेपर्यंत मूल आहे त्या वर्गात, आहे त्या सेवांसह राहतं. मुलाला खासगी शाळेत हलवून खर्च मागायचा विचार असेल तर काढण्याआधी १० कामकाजाचे दिवस लेखी कळवा, नाहीतर रक्कम कापली जाऊ शकते.

कलम ५०४ खालच्या भेदभावाची तक्रार केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांत करायची असते. मार्च २०२५ मध्ये त्याच्या १२ पैकी ७ प्रादेशिक कचेऱ्या बंद झाल्या, तेव्हा झटपट उत्तराची आशा नको. कोर्टाची वाट मात्र रुंदावली आहे. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिनेसोटातल्या एका मुलीच्या खटल्यात एकमताने सांगितलं की शाळेविरुद्धच्या भेदभावाच्या दाव्याला इतर दाव्यांपेक्षा कडक निकष लावता येणार नाही. तिला सकाळी अपस्माराचे झटके येत आणि संध्याकाळी शिकवा ही मागणी डिस्ट्रिक्टने फेटाळली होती.

मुलाला विशेष शिकवण्याची गरज नसून फक्त सवलती हव्या असतील, म्हणजे परीक्षेत जास्त वेळ, पुढचा बाक, मधुमेहासाठी खाण्याची मुभा, तर ५०४ प्लॅन पुरतो. शाळा तो चटकन देऊ करतात, कारण त्यात सेवांची मिनिटं बांधून घ्यावी लागत नाहीत. आयईपीची गरज असलेल्या मुलाच्या पालकांनी त्यावर समाधान मानू नये. खासगी शाळेत स्वतःहून घातलेल्या मुलाला यातलं फार थोडं लागू होतं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन ही वेगळी सेवा आहे. तिसऱ्या वाढदिवसाला ती संपते, तेव्हा डिस्ट्रिक्टशी बोलणं अडीचाव्या वर्षीच सुरू करा.

दुसऱ्या टोकाला, नेहमीचा हायस्कूल डिप्लोमा हातात पडला की हक्क संपतो, नुसत्या उपस्थितीच्या प्रमाणपत्राने संपत नाही. बऱ्याच राज्यांत सेवा २१-२२ पर्यंत, मिशिगनमध्ये २६ पर्यंत. म्हणून नोकरीचं प्रशिक्षण, प्रवास, स्वतःचं स्वतः करणं यांतलं काही बाकी असेल तर डिप्लोमा घ्यायची घाई करू नका. ही उद्दिष्टं १६ व्या वर्षापासून आयईपीत असायलाच हवीत. बहुतेक राज्यांत १८ पूर्ण होताच सहीचा अधिकार पालकांकडून मुलाकडे जातो, आणि शाळेने ते वर्षभर आधी सांगायचं असतं. मुलाला एकट्याने निर्णय घेणं जड जाणार असेल तर कायदेशीर व्यवस्था सतराव्या वर्षीच लावून घ्या.